अ‍ॅबट व्हॉन मीडर: केनेडींची नक्कल आणि एका वर्षाची कीर्ती

तबकडीवाला

मंडळी, गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी भांड्यांच्या ढिगाशेजारी एक एलपी मिळाली. ‘द फर्स्ट फॅमिली’. कव्हर कोपऱ्यांवर फाटलंय, पण तबकडीवर चरा नाही. घरी आणून पुसली, लावली आणि तेव्हापासून रोज रात्री ऐकतोय. त्या तबकडीतल्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय चैन पडेना, म्हणून हा धागा.

व्हॉन मीडर. जन्म २० मार्च १९३६, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या वॉटरव्हिल गावी. मूल तान्हं असतानाच वडील पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघातात गेले. आई बॉस्टनला बारमध्ये वेट्रेसचं काम करायला गेली आणि पोरगं कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या. काही काळ मुलांच्या वसतिगृहातही काढला. शाळा संपल्यावर सैन्यात भरती झाला, पश्चिम जर्मनीतल्या मानहाइमला प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. तिथं सोबतच्या शिपायांना घेऊन कंट्री संगीताचा बँड काढला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. परत येऊन न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या छोट्या क्लबांत पियानोवर बसून गमतीची गाणी म्हणायला लागला.

अशाच एका रात्री मधेच तो तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आवाजात बोलला आणि सगळी खोली उसळली. तिथून पुढे गाणी मागं पडली.

आता काळ लक्षात घ्या. पत्रकार परिषद थेट टीव्हीवर दाखवू देणारे केनेडी हे पहिले राष्ट्राध्यक्ष. जानेवारी १९६१ पासून लोक त्यांना घरात बसून बोलताना बघत होते. तो आवाज, बोट नाचवत उत्तर द्यायची ढब, सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. निवडून आले तेव्हा वय ४३, देखणी बायको, व्हाइट हाउसमध्ये खेळणारी दोन लहान मुलं. १९६२ च्या फेब्रुवारीत जॅकलीनबाईंनी टीव्हीवरून सगळ्या देशाला व्हाइट हाउस हिंडून दाखवलं होतं. नक्कल करणाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

बॉब बुकर आणि अर्ल डाउड या दोघांनी या कुटुंबावर छोट्या छोट्या प्रवेशांची तबकडी काढायचं ठरवलं. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. विद्यमान राष्ट्राध्यक्षाची, तीही घरातली थट्टा? एका कंपनीत हे प्रकरण जेम्स हॅगर्टी यांच्याकडे गेलं. हे गृहस्थ आधीचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे प्रसिद्धी सचिव होते. त्यांचं म्हणणं पडलं की अशी तबकडी जगातल्या प्रत्येक कम्युनिस्ट देशाला हवीच असेल. शेवटी आर्ची ब्लायर यांच्या केडन्स या छोट्या कंपनीनं हो म्हटलं.

ध्वनिमुद्रण झालं २२ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री, बोलावलेल्या प्रेक्षकांसमोर. तारीख पुन्हा वाचा. त्याच संध्याकाळी केनेडींनी टीव्हीवरून देशाला सांगितलं की क्युबात रशियन क्षेपणास्त्रं आहेत. कलाकारांच्या कानावर ते भाषण गेलं होतं. समोरच्या लोकांना पत्ताच नव्हता. तबकडीत जे खळखळून हसणं ऐकू येतं ते त्या रात्रीचं आहे. बाहेर जग अणुयुद्धाच्या काठावर, आणि आत केनेडी आंघोळीची खेळणी मुलाबाळांत वाटून देतायत आणि शेवटी ठणकावतायत की रबरी हंस माझा. मी हा भाग ऐकताना थांबवतो, हसण्याचा आवाज पुन्हा ऐकतो. काय वाटतं ते शब्दांत येत नाही.

नोव्हेंबरात तबकडी बाजारात आली. पहिल्या दोन आठवड्यांत दहा लाख प्रती. बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या यादीत १२ आठवडे पहिला क्रमांक. एकूण खप ७५ लाखांच्या घरात. १९६३ च्या मे महिन्यात ग्रॅमी मिळालं, आणि तेही नुसतं विनोदाचं नव्हे, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं. मीडर तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याच वर्षी दुसरा भागही निघाला.

२२ नोव्हेंबर १९६३. कार्यक्रमासाठी मीडर मिलवॉकीला पोचला होता. टॅक्सीवाल्यानं विचारलं, डॅलसमधलं केनेडींचं कळलं का? दिवसभर कोणी ना कोणी केनेडींचा नवा विनोद सांगायचंच, त्यामुळे मीडर म्हणाला, नाही, सांगा की, कसा आहे?

डॅलसमध्ये त्या दिवशी केनेडींची गोळ्या घालून हत्या झाली होती. टॅक्सीतलं हे बोलणं त्यानंच पुढं आयुष्यभर सांगितलं.

केडन्सनं दोन्ही तबकड्या दुकानांतून परत मागवल्या. मृत्यूवर पैसे कमावले असं कोणी म्हणू नये, हा हेतू. मीडरनं जाहीर केलं की केनेडींची नक्कल पुन्हा करणार नाही. ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. त्यानंतर लवकरच लेनी ब्रूस हा विनोदवीर मंचावर आला, बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग पहिलं वाक्य बोलला ते मीडरचं आता संपलं अशा अर्थाचं, असा किस्सा तिकडं सांगतात. वापरलेला शब्द शिवराळ होता.

१९६४ आणि १९६५ मध्ये मीडरनं केनेडींचा मागमूस नसलेल्या विनोदाच्या तबकड्या काढल्या. कोणी घेतल्या नाहीत. १९७१ मध्ये येशू आजच्या अमेरिकेत परत आला तर, अशा कल्पनेवर एक काढली. तीही गेली. मधल्या वर्षांत दारू, मादक पदार्थ, मोडलेली लग्नं, सगळं झालं. तो म्हणायचा की आपली कीर्ती नोव्हेंबर ते नोव्हेंबर, एक वर्ष.

मला सांगायचंय ते इतकंच. आपण असा किस्सा ऐकतो, ‘बिचारा’ म्हणतो आणि पुढं जातो. पण या माणसाला विनोद कळत होता, पियानो येत होता, गाता येत होतं. गोळी लागली दुसऱ्याला आणि काम गेलं याचं. त्याचा स्वतःचा विनोद ऐकून घ्यायला कोणी तयारच झालं नाही. यात दोष नक्कल या कलेचा की ऐकणाऱ्यांचा? मला ऐकणाऱ्यांचा वाटतो. तुम्हाला?

सदाफुली_पेण

फार सुंदर लिहिलंय दादा. टॅक्सीचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. एक विचारते, खुद्द केनेडींना हे चालायचं का? आपल्याकडं नेत्याची नक्कल म्हटलं की कार्यकर्ते आधी धावून येतात.

तबकडीवाला

सदाफुलीताई, चालायचं. डिसेंबर १९६२ च्या पत्रकार परिषदेत त्यांना याबद्दल थेट विचारलं गेलं. म्हणाले, मी ऐकली ती तबकडी, मला तो आवाज माझ्यापेक्षा टेडीचा वाटला, म्हणून आता तोच वैतागलाय. टेडी म्हणजे धाकटा भाऊ. नाताळात भेट म्हणून त्यांनी या तबकड्या वाटल्याही. पक्षाच्या एका समारंभात तर बोलायला उभे राहिल्यावर म्हणाले, व्हॉन मीडरना आज वेळ नव्हता, म्हणून मी स्वतः आलोय. जॅकलीनबाईंना मात्र घरातल्या गोष्टींची ही थट्टा रुचली नव्हती, आणि त्यांचा राग मला समजतो. मुलांची नावं घेऊन विनोद होते त्यात.

मेणवली घाट

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

नक्कल हे उसन्या भांडवलावरचं दुकान आहे. मूळ माल दुसऱ्याचा. तो माणूस सत्तेतून गेला की दुकानाला कुलूप, मग तो गोळीनं जावो की निवडणुकीनं. मीडरचं दुकान नाट्यमय रीतीनं बंद पडलं म्हणून लक्षात राहिलं इतकंच. ब्रिटनमधल्या माइक यारवुडचं बघा. तिथं कोणाचा खून झाला नाही, तरी तेच घडलं.

यारवुड १९४१ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट भागातला. हॅरल्ड विल्सन आणि एडवर्ड हीथ हे दोन पंतप्रधान त्याच्या हातचे. विल्सन म्हणजे पाइप, रेनकोट आणि तो नाकातला उत्तरेकडचा सूर. हीथ म्हणजे हसताना गदागदा हलणारे खांदे. १९७७ च्या नाताळात त्याचा बीबीसीवरचा कार्यक्रम २ कोटी १४ लाख लोकांनी पाहिला. तेव्हा देशाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे हिशेब करा. मग १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर आल्या. तो आवाज यारवुडच्या गळ्यात बसेना. जॅनेट ब्राउन या नटीनं थॅचर उत्तम केल्या आणि त्याच्याही कार्यक्रमात त्या भूमिकेसाठी तीच लागायची. ज्याची हयात पंतप्रधान करण्यात गेली, त्याच्याकडं पंतप्रधानच उरला नाही. मंचावर जायची भीती, त्यावर उतारा म्हणून दारू. २०२३ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी गेला.

अमेरिकेत डेव्हिड फ्राय होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्याच्यासारखे कोणालाच जमले नाहीत. १९७४ मध्ये निक्सननी राजीनामा दिला आणि फ्रायचीही सद्दी संपली. म्हणून म्हणतो, ऐकणाऱ्यांना दोष देऊ नका. या धंद्याचीच ती रीत आहे.

पोहेखाऊ

मेणवली घाट, यारवुडचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण त्याची एक गोष्ट राहिली आणि ती तुमच्या मुद्द्याच्या उलट जाते. कार्यक्रमाच्या शेवटी तो सगळे आवाज बाजूला ठेवायचा, ‘आणि हा मी’ असं म्हणायचा आणि स्वतःच्या आवाजात एक गाणं गायचा. दर वेळी. मला हे फार बोलकं वाटतं. दोन कोटी माणसं समोर असताना त्याला सांगावंसं वाटत होतं की यात मीही कुठंतरी आहे.

चार्ल्सकाठचा

मी गेली अठरा वर्षं बॉस्टनमध्ये आहे. या चर्चेत उच्चारांबद्दल कोणी बोललेलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथंच आहे.

न्यू इंग्लंड म्हणजे बॉस्टन, मेन वगैरे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. तिथल्या जुन्या बोलीत शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा ‘र’ गळतो. कारचं ‘काऽ’, पार्कचं ‘पाऽक’. केनेडी ज्या शब्दासाठी प्रसिद्ध होते तो ‘व्हिगर’, म्हणजे जोम, त्यांच्या तोंडी ‘व्हिगाऽ’ असायचा. उलट जिथं ‘र’ नाही तिथं तो उगवतो. शब्द स्वरानं संपला आणि पुढचा स्वरानं सुरू झाला की मधे ‘र’ येतो. म्हणून केनेडी क्युबाला ‘क्युबर’ म्हणत, कधी कधी पुढं स्वर नसतानाही. लेखात आलेल्या २२ ऑक्टोबरच्या भाषणातही ते ऐकू येतं.

आता मीडर. तो मेनचा, म्हणजे बॉस्टनच्या वर गाडीनं तीनेक तासांवर. तिथंही ‘र’ असाच गळतो. शिवाय १९५३ मध्ये तो शाळा पास झाला ती ब्रुकलाइन हायस्कूलमधून. आणि ब्रुकलाइन म्हणजे केनेडींचं जन्मगाव. बील्स स्ट्रीटवरचं ते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे, बघायला जाता येतं. मी आईबाबांना घेऊन गेलो होतो. पुण्यातल्या एखाद्या जुन्या पेठेत असावं तसं साधं, अरुंद जिन्याचं घर आहे, कोट्यधीशाचं वाटत नाही.

म्हणजे यारवुडला विल्सन व्हायला तोंडात पाइप आणि नाकात सूर आणावा लागत होता. मीडरला आणावं लागलं ते थोडंच. हार्वर्डची झाक, वाक्य मधेच तोडायची लकब, बाकी बोली त्याची घरचीच होती. त्यामुळे यश चटकन मिळालं. पण २२ नोव्हेंबरनंतर काय झालं असेल, विचार करा. यारवुड पाइप खाली ठेवू शकत होता. मीडरनं कितीही वेगळा विनोद लिहिला तरी तोंड उघडलं की लोकांना कोण ऐकू येणार? त्यानं शब्द दिला होता की नक्कल करणार नाही. तो शब्द पाळायचा तर त्याला गप्पच बसावं लागलं असतं.

माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ राहतात, मेनचेच. त्यांच्या घरी ही तबकडी होती. ते सांगतात की त्या शुक्रवारी त्यांच्या आईनं ती कपाटात वर ठेवली आणि मुलांना हात लावू दिला नाही. फेकली नाही, पण लावलीही नाही.

निशिगंध७

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्या मामांची आठवण झाली.

मामा गावच्या गणपतीत तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा आवाज काढायचे. साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसून मांडीवर थाप मारत हसायचे. साहेब अचानक गेले. त्या वर्षी मामांनी आपणहून नाव दिलं नाही. पुढच्या वर्षी भारुड करायला उभे राहिले, वेगळा वेष, वेगळा विषय. पहिली ओळ म्हटली आणि मांडवात चिडीचूप. मामा मुळात त्याच पट्ट्यातले, साहेबांसारखेच हेल काढून बोलणारे. लोक हसायचे सोडून डोळे पुसायला लागले. मामा खाली उतरले ते पुन्हा चढले नाहीत. रागावले नाहीत कोणावर. फोनवर नुसतं ‘कोण बोलतंय’ विचारलं तरी समोरचा क्षणभर थबकायचा, असं मामी सांगते.

मेणवली घाट, दोष कोणाचाच नसेल. पण ‘धंद्याची रीत’ म्हटल्यावर मला मामांचा तो चेहरा दिसतो, म्हणून लिहिलं.

मेणवली घाट

निशिगंध, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी भाषा कोरडी झाली, मान्य. चार्ल्सकाठचा यांचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि त्यानं माझं मत बदललं आहे. फ्राय आणि यारवुड यांच्या रांगेत मीडरला बसवणं चूक होतं. त्यांचं गिऱ्हाईक गेलं. मीडरचा स्वतःचा आवाज गेला.

पोहेखाऊ

याच्या उलटही घडू शकतं, ते नोंदवतो. डेना कार्व्हीनं ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात केलेले राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश. कार्व्ही सांगतो की सुरुवातीला त्याला बुश जमतच नव्हते. मग युक्ती सापडली: लहान मुलांच्या कार्यक्रमातले मृदू मिस्टर रॉजर्स काउबॉय सिनेमांतला रांगडा नायक जॉन वेन याच्यासारखं बोलायला लागले तर कसे बोलतील, तसं बोलायचं. हात हवेत कापत, वाक्यातले निम्मे शब्द गाळत.

१९९२ ची निवडणूक बुश हरले. व्हाइट हाउसमधले कर्मचारी उदास होते. बुशनी डिसेंबरात कार्व्हीलाच बोलावून घेतलं आणि सगळ्यांना हसवायला उभं केलं. आधी अध्यक्षांच्या आगमनाची धून वाजली आणि आत आला कार्व्ही. मागून खरे बुश. पुढं दोघांची मैत्री टिकली. कार्व्हीकडं इतर पात्रंही होती, त्यामुळे बुश गेल्यावर तो उघडा पडला नाही.

हे वाचताना मला दर वेळी वाटतं की केनेडी आणखी पाच वर्षं असते, तर मीडरला हळूहळू बाजूला व्हायला, दुसरं काही रुजवायला वेळ मिळाला असता. त्याला बारा महिने मिळाले.

सदाफुली_पेण

आपल्याकडचा श्याम रंगीलाही आठवला. राजस्थानचा मुलगा, पंतप्रधान मोदींचा आवाज हुबेहूब काढणारा. २०१७ मध्ये टीव्हीवरच्या विनोदाच्या स्पर्धेत त्यानं तो प्रवेश केला, चित्रीकरण झालं, पण दाखवलं गेलंच नाही. लोकांपर्यंत तो इंटरनेटवरून पोचला. २०२४ मध्ये वाराणसीतून मोदींच्या विरोधात अर्ज भरायला गेला, तो अर्ज बाद झाला. मीडरच्या बाबतीत राष्ट्राध्यक्ष हसून बोलले आणि तबकडी मागं घेतली ती दुःखापोटी. इथं माणूस सत्तेवर असतानाच आवाज अडतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं वाटलं.

चार्ल्सकाठचा

तबकडीवाला, मीडरच्या शेवटच्या वर्षांबद्दल लिहा ना. तुमचा लेख १९७१ ला थांबतो. इथल्या लोकांना तो भाग जास्त माहीत आहे.

तबकडीवाला

बरोबर आहे, लिहायला हवं होतं. दुःखाच्या भरात तिथं थांबलो, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं झालं.

तो मेनला परतला. हॅलोवेल नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे, तिथं राहिला. पियानो वाजवायचा, ब्लूग्रास म्हणजे तिकडचं डोंगराळ भागातलं लोकसंगीत गायचा, स्वतः गाणी रचायचा, गावातल्या गुत्त्यांत आणि छोट्या कार्यक्रमांत. म्हणजे ग्रिनिच व्हिलेजमध्ये केनेडी तोंडात यायच्या आधी जे करत होता तेच. १९८१ मध्ये रिच लिटल या नकलाकारानं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कुटुंबावर तशीच तबकडी काढली तेव्हा त्यात मीडरचाही सहभाग होता, पण पूर्वीसारखं काही झालं नाही. पुढं चौथी बायको शीला त्याच्या सोबतीला होती. २९ ऑक्टोबर २००४ ला मेनमधल्याच ऑबर्न गावी फुप्फुसांच्या जुन्या आजारानं गेला, ६८ वर्षांचा होऊन. केडन्स कंपनी तर १९६४ मध्येच बंद पडली होती. तिचा सगळा साठा गायक अँडी विल्यम्स यांनी विकत घेतला होता, आणि १९९९ मध्ये या दोन्ही तबकड्या सीडीवर परत निघाल्या. म्हणजे तो हयात असताना लोकांना पुन्हा ऐकता आल्या, याचं मला बरं वाटतं.

माझा मूळ प्रश्न दोष कोणाचा असा होता. चार्ल्सकाठचा आणि निशिगंध यांचं वाचल्यावर तो मागं घेतो. लोकांनी ऐकलं नाही असं नव्हतं. त्यांना त्या आवाजात गेलेला माणूस ऐकू येत होता आणि ते सोसवत नव्हतं. मेनमध्ये मात्र सगळेच तसं बोलतात. तिथं त्याचा ‘र’ गळला तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नसणार. शेजाऱ्यासारखा बोलणारा, पियानो वाजवणारा माणूस, बस.

आणि तिथं त्याला व्हॉन म्हणत नसत. जन्माचं नाव अ‍ॅबट, मधलं नाव व्हॉन. मंचावर त्यानं मधलं घेतलं. मेनला परतल्यावर तो पुन्हा अ‍ॅबट झाला. शीर्षकात मी आधी नुसतं ‘व्हॉन मीडर’ लिहिलं होतं. आत्ता संपादन करून ‘अ‍ॅबट’ जोडलं आहे.